डावा हब

आमच्या आरोग्य केंद्राला भाड्याने लावलेली जीप ज्यांची होती आणि जे ती स्वतःच चालवायचे, त्या भाऊंनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "सिस्टर, मी लय भेकड माणूस आहो. मागून म्हणसान, पहिले काऊन नाई सांगतलं."

सहा फुटांच्या आसपास उंची, गालावर वळलेल्या पांढऱ्या मिशा आणि स्टिअरिंगवर ठेवलेले फावड्यासारखे हात. असा माणूस स्वतःला भेकड म्हणतो तेव्हा आपण हसतो. मीही हसले. मी मूल नावाच्या गावची. राइस मिलच्या कोंड्यात आणि बाजाराच्या गलक्यात वाढलेली, नर्सिंगचा कोर्स संपवून पहिल्यांदाच गडचिरोलीच्या जंगलात नोकरीला आलेली. मला वाटलं, म्हातारा नव्या पोरीची फिरकी घेतोय. दोन महिन्यांत कळलं की त्यात फिरकी अजिबात नव्हती. उलट त्यांनी थोडं कमीच सांगितलं होतं.

भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. भाऊंना वाघाचं भेव होतं ते सोडा, ते सगळ्यांनाच असतं. त्यांना अस्वलाचं त्याहून जास्त होतं, कारण "वाघ काही इचार तरी करते, अस्वल नाई करत." विजेचं होतं. उतारावर साचलेल्या ओल्या पानांचं होतं. बांबू भरून येणाऱ्या ट्रकचं होतं. लग्नाच्या वरातीतल्या प्यायलेल्या पाहुण्यांचंसुद्धा होतं. वरात दिसली की जीप बाजूला घेऊन शेवटचा पाहुणा दिसेनासा होईपर्यंत बसून राहायचे. आणि या सगळ्यांच्या वर पाणी. त्यांना पोहता येत नव्हतं. आई सिरोंचाकडची, गोदावरीच्या काठची, तरी पाण्यात पाय घालायचा म्हटलं की यांना घाम फुटायचा. नाल्यात जीप घातली की ते मोठ्याने तेलुगूत आकडे मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. पलीकडच्या काठाला चाक लागलं की थांबायचे. मराठीत का नाही मोजत, असं मी विचारलं तर म्हणाले, "मराठीत मोजलं तं आकडे खरे वाटते."

त्यांचा भाचा मोहर्लीला सफारीची उघडी गाडी चालवतो. भाऊ एकदा त्याच्याकडे आठवडाभर राहायला म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. "लोकं मुंबईहून येते," ते सांगत होते, "अन वाघ नाई दिसला तं नाराज होते. मी तं बापा नाई दिसला म्हणून नारळ फोडतो."

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत आणि भुतंही नाहीत. भाऊ मात्र जंगलात शिरताना फाट्यावरच्या दगडाच्या ढिगावर एक डहाळी टाकल्याशिवाय पुढे जात नसत. तिथले गोंड लोक टाकतात, म्हणून तेही टाकायचे. मी टाकत नाही हे पाहून त्यांना माझी काळजी वाटायची. "तुमचं काही खरं नाई सिस्टर. भेव लागलं तं तुमी नाव कोणाचं घेता?" मी म्हणायची, तुमचं घेते. ते यावर हसायचे नाहीत.

त्यांच्या गाडीत दोन नियम होते. डांबरावर बोलायचं, कच्च्या रस्त्यावर गप्प. कच्च्यावर कान गाडीला द्यायचे असत. कुठला बोल्ट सैल झालाय, स्प्रिंगची कुठली पाती कुरकुरतेय हे त्यांना ऐकू यायचं, आणि मधेच कोणी लसीकरणाच्या आकड्यांबद्दल बोललं की ते हात वर करून थांबवायचे, मग बोलणारे डॉक्टरसाहेब का असेनात. डांबरावर मात्र त्यांचा विषय एकच, ही जीप. तिच्या कंपनीची कुळकथा ते घरच्या माणसांसारखी सांगायचे. पहिल्यांदा ही परदेशात लढाईसाठी बनली. लढाई संपल्यावर उरलेल्या गाड्या कुठकुठे विकल्या गेल्या. त्यातली एक आलापल्लीकडच्या सागवानाच्या ठेकेदाराकडे आली आणि भाऊंचे वडील तिच्यावर ड्रायव्हर लागले. पुढे आपल्या देशातल्या कंपनीने सुटे भाग पेट्यांत भरून आणले आणि इथे जोडले, मग इथेच घडवायला लागले. आधी पेट्रोलचं इंजिन, मग डिझेलचं. डिझेलचं इंजिन मुळात ट्रॅक्टरच्या खानदानातलं, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, जणू घरात कोणी जातीबाहेर लग्न केलं होतं आणि नंतर ते सगळ्यांना पसंत पडलं होतं असा.

भाऊंची स्वतःची जीप एका सरकारी खात्याच्या लिलावातली. मोहाच्या झाडाखाली इतकी वर्षं पडून होती की तिच्या तळातून एक रोपटं वर आलं होतं. दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. पत्रा गावच्या लोहाराचा, ताडपत्री मूलच्या बाजारातली, सीट कुठल्याशा मोडीत निघालेल्या बसमधल्या. मूळचं होतं ते चेसिस आणि समोरचा एक्सल. त्या एक्सलला ते जिवापाड जपायचे, कारण आता तो मिळत नाही. चावीने इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून जीप नेहमी उतारावर उभी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. मागे दोन जॅक, जाड दोर, ग्रीसचा डबा आणि चाकाखाली घालायला धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा भारा. त्या भाऱ्यामुळे आमच्या लसीच्या डब्यांना कायम तणसाचा वास यायचा. मी कितीदा कुरकुर केली, पण तो भारा हलला नाही.

आता हब म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एरवी जीप मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. चिखलात किंवा नाल्यात चारही चाकांनी ओढायला हवी असेल तर आतली एक दांडी ओढावी लागते. जुन्या जीपचं तेवढ्याने भागत नाही. त्याआधी खाली उतरून समोरच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली वाटीएवढी चकती हाताने फिरवावी लागते. ती चकती म्हणजे हब. फिरवली की आत खट्ट करून दाते अडकतात आणि मगच त्या चाकात जोर येतो. त्यातही दोन्हींपैकी एकच फिरवली, तर सगळा जोर न फिरवलेल्या बाजूला फुकट जातो आणि समोरची दोन्ही चाकं नुसती लोंबत राहतात. "एक लागला अन एक नाई लागला, म्हंजे दोन्ही नाई लागले," भाऊ सांगायचे. डांबरावर हब मोकळे ठेवायचे, नाहीतर एक्सल उगाच झिजतो. कच्चा रस्ता सुरू झाला की थांबून लावायचे.

उजवा हब भाऊ लावायचे. डावा, समोर डाव्या बाजूला जो बसला असेल त्याने लावायचा. मी बसले तर मी, डॉक्टर बसले तर डॉक्टर. एकदा जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी खाली उतरवलं होतं. दोघं आपापल्या चाकापाशी वाकायचे, मग भाऊ बॉनेटवरून विचारायचे, "लागला?" आणि पलीकडच्याने म्हणायचं, "लागला." बस. फिरून येऊन पाहायची पद्धत नाही. डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, तुम्ही इतके भित्रे, मग तपासत का नाही? भाऊ म्हणाले, "मी मागून पाह्यतो हे समजलं तं तुमी अर्धंच फिरवसान. अन तुमी फिरवलं असन म्हणून मी अर्धंच पाहीन." डॉक्टरसाहेब यावर इतके खूश झाले की प्रत्येक मीटिंगमध्ये ते सांगायचे. माणसावर विश्वास ठेवावा तर असा, म्हणायचे. गावातही भाऊंच्या भित्रेपणाला हसणारे लोक या एका गोष्टीसाठी त्यांना मानायचे.

त्याच कंपनीची नवी गाडी आली तेव्हा भाचा त्यांना चंद्रपूरच्या शोरूममध्ये घेऊन गेला होता. मीही बाजाराला आले होते म्हणून सोबत गेले. चकचकीत गाडी, तोंडावर तशाच उभ्या फटी. भाऊ सरळ फरशीवर पाठ टेकून गाडीखाली गेले. टाय बांधलेला सेल्समन घाबरून इकडेतिकडे पाहायला लागला. थोड्या वेळाने बाहेर येऊन भाऊंनी विचारलं, "हब कुठी आहे?"

"काका, आता उतरायची गरजच नाही. आतूनच, बटण दाबून होतं सगळं."

"अन उतरलो नाई तं समजन कसं, आपण कुठी आलो ते?"

मला मात्र ते बटण फार आवडलं होतं. जंगलात मधेच खाली उतरायला मला कधीच आवडलं नाही, आणि त्या वर्षी तर वाघीण आली होती.

तिने आमच्या भागात जिचा तिसरा बळी घेतला ती बाई माझ्या ओळखीची होती. गवत कापायला बायकांसोबत गेली होती, डहाळी टाकायच्या त्याच फाट्यापाशी. मागे राहिली. दुपारची वेळ, बाकीच्या दहा-बारा पावलांवर. कोणी ओरडण्याचा आवाजही ऐकला नाही. माणसं मोठा घोळका करून, टिनाचे डबे बडवत तिला आणायला गेली आणि संध्याकाळी तिची साडी आवरताना तिच्या ओटीत मी सोमवारी दिलेली रक्तवाढीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. चार गोळ्या खाल्लेल्या होत्या. ती पट्टी कोणीतरी शहाण्या माणसाने मला आणून दिली.

तेव्हापासून मी भाऊंच्या भित्रेपणाला हसणं सोडलं. मला दिवसाढवळ्या मानेच्या मागे कोणी पाहतंय असं वाटायचं. क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालताना मी पाठ भिंतीला लावून उभी राहायची. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरायची, एकट्याने जाऊ नका, वाकू नका. वाकू नका हे माझ्या डोक्यात फार बसलं. वाकलेला माणूस तिला जनावरासारखा दिसतो, असं म्हणायचे.

भाऊंनीही त्यांची पद्धत बदलली. फाट्यावर उतरण्याऐवजी आरोग्य केंद्राच्या आवारातच दोन्ही हब लावून निघायला लागले. एक्सल झिजला तरी चालेल म्हणाले, म्हणजे भेव किती होतं ते समजा.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशी लसीकरण डांबरावरच्याच गावात होतं, म्हणून हब मोकळे होते. काम उरकून परत निघालो, दुपारचा एक वाजला असेल, आणि नाल्यापलीकडच्या गावातल्या आशाताईचा फोन आला. तिथल्या एका पहिलटकरणीला पहाटेपासून कळा येत होत्या. आता तिचा चेहरा सुजला होता, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी तिचा बीपी विचारला. तो फार वर गेला होता. तिला आकडीसारखे झटके आले तर आई आणि बाळ, दोन्ही जाण्यासारखी ती परिस्थिती होती. ॲम्ब्युलन्स नाला ओलांडत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, जीपमध्ये घाला आणि आणा, वेळ घालवू नका.

घाईत डांबरावरच हब लावून घ्यायचं आम्हाला सुचलं नाही, भाऊंनी फाट्यावर जीप थांबवली. इंजिन चालूच. डहाळी टाकायची त्यांना आठवण झाली नाही. ते उजवीकडून उतरले. माझ्या बाजूला रायमुनियाची झुडपं रस्त्याला अगदी खेटून, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली. त्यांच्या आत कुठेतरी वानर खाकरत होतं. वानर असं खाकरतं ते कशाला पाहून, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

मी खाली उतरले. हब माझ्यापासून तीन पावलं पुढे होता. मी एक पाऊल टाकलं आणि मडगार्डवर हात ठेवला. पुढे जाऊन मला वाकायचं होतं, पाठ झुडपांकडे करून. झुडपात काहीतरी हललं. रानकोंबडी असेल, वारा असेल, मी पाहिलं नाही. मी पुन्हा वर चढून सीटवर बसले.

"लागला?" भाऊंनी पलीकडून विचारलं.

"लागला," मी म्हणाले.

नाल्यावर पोचल्यावर भाऊ नेहमीप्रमाणे काठी घेऊन स्वतः आधी पाण्यात चालून आले. पाण्याला इतका भिणारा माणूस, पण पायाने तळ चाचपल्याशिवाय त्याने कधी जीप घातली नाही. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. जाताना आमच्या बाजूने उतार, पलीकडे सपाट. जीप वेगात पार झाली. मोजणी पाचावर संपली. मी मनात म्हटलं, हबशिवायही झालं की.

या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. कारण गावात पोचल्यावर अर्धा तास जीप उभी होती. तिथे वाघीण नव्हती. झुडपं नव्हती. अंगणात माणसं होती, कोंबड्या होत्या. मी त्या मुलीला इंजेक्शन दिलं, तिला खाटेवरून जीपमधल्या मागच्या गादीवर घेतलं, आणि डावं चाक माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. पण त्या चाकापाशी भाऊ उभे होते, मडगार्डला टेकून, गावकऱ्यांशी बोलत. मी वाकून हब फिरवला असता तर त्यांना कळलं असतं की मी खोटं बोलले. मग मी पुन्हा तेच म्हटलं, येताना झालं, जातानाही होईल. ती मुलगी वीस वर्षांची होती आणि तिने माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

परत येईपर्यंत वर डोंगरात कुठेतरी पाऊस होऊन गेला होता. नाल्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि जातानापेक्षा वर होतं. भाऊ काठी घेऊन गेले आणि मांडीपर्यंत भिजून परत आले. ओठ पांढरे पडले होते. "आता निघालो तं निघालो," ते म्हणाले, "नाई तं उद्या." मागून ती मुलगी कण्हत होती. भाऊंनी जीप पाण्यात घातली.

ओकटी, रेंडू, मूडू. या वेळी चढ आमच्यासमोर होता. पुढची चाकं काठाच्या गोट्यांना लागली आणि जीप थांबली. भाऊंनी जोर दिला. मागची चाकं वाळूत खाली जायला लागली. त्यांनी दांडी पुन्हा ओढली, पुन्हा जोर दिला. जीप घसरून हातभर मागे आली आणि पाणी आमच्या पायांशी आत शिरलं. मागे त्या मुलीची सासू गोंडीत काहीतरी पुटपुटत होती, आशाताईने मुलीचं डोकं मांडीवर धरलं होतं. भाऊंनी डोकं बाहेर काढून पुढच्या चाकाकडे पाहिलं. ते फिरत नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "डावा हब लावला नाही मी."

मागच्यांना ते ऐकू गेलं नाही, इंजिनचा आवाज होता. भाऊंना गेलं. ते रागावले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं. इतकी भीती मी माणसाच्या डोळ्यांत त्याआधी पाहिली नव्हती, आणि मी तर लोकांना मरताना पाहिलेली नर्स. चूक माझी होती, मी उतरायला हवं होतं. मी जाते, एवढे दोन शब्द होते. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

"इकडं सरक," ते म्हणाले. एरवी मला तुमी म्हणायचे. "ब्रेकवर दोन्ही पाय ठेव. मी सांगीन तवा थोडंसं सोड, दाते अडकाले पाह्यजे."

ते उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. बॉनेटला धरून, एकेक पाय चाचपत ते डाव्या चाकापाशी गेले आणि वाकले. मला फक्त त्यांचं डोकं आणि मिशा दिसत होत्या, पाण्याच्या अगदी वर. मोजणी चालू होती. ती एकोणीस-वीसपर्यंत गेली असेल, मला तेलुगूत दहाच्या पुढे येत नाही. मग ते ओरडले, "सोड."

मी सोडलं. थोडंच सोडलं की जास्त सोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. जीप हलली, खट्ट झालं, आणि भाऊंच्या तोंडून आवाज निघाला. चाक आणि गोट्याच्या मधे त्यांचा डावा हात सापडला होता.

हात दुपट्ट्यात गुंडाळून ते वर चढले. दुपट्टा लगेच लाल झाला. मी परत डावीकडे सरकले. डावा हात चालेना, म्हणून त्यांनी क्लच दाबायचा आणि म्हणायचं, "पहिला," की मी गिअर टाकायचा. चारही चाकांनी जीप काठावर चढली ती एका दमात. मग "दुसरा". आरोग्य केंद्रापर्यंत ते एवढंच बोलले.

त्या मुलीला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. भाऊंची दोन बोटं चंद्रपूरला काढावी लागली.

पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब आले. भाऊ बँडेज बांधलेला हात पोटाशी धरून उभे होते. मी रजिस्टर घेऊन शेजारी. नाल्यात गाडी का अडकली, असं साहेबांनी विचारलं. मी सांगायचं ठरवून आले होते.

"हब जाम झाला होता," भाऊ म्हणाले. "ग्रीस लावाचं राहून गेलं. माहीच चूक आहे साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. मी रजिस्टर छातीशी धरून उभी राहिले. गाडी जुनी, देखभाल नाही, असा शेरा पडला आणि भाऊंची जीप बंद झाली. महिन्याभरात नवी गाडी आली, बटणाची. पानठेल्यावर लोक म्हणायला लागले, नुसतं भेव भेव करत होता बुढा, अन हबले ग्रीस नाई. ज्या माणसाने ग्रीसचा डबा स्वतःच्या जेवणाच्या डब्यापेक्षा जपला, त्याच्याबद्दल. मी त्या ठेल्यावरून रोज जायची, रोज ऐकायची, आणि रोज पुढे जायची.

माझी मूलला बदली झाली तेव्हा जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मोहफुलं वेचायचे दिवस होते, अंगणात फुलं वाळत घातली होती. जीप उतारावर उभी होती, तोंड रस्त्याकडे. भाऊ तिच्या मडगार्डला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"भाऊ, हब जाम नव्हता. साहेबांना खोटं का सांगितलं? माझी नोकरी जाईल म्हणून?"

ते उरलेल्या बोटांनी मांडीवरची माती झटकत राहिले.

"तुह्यासाठी नाई सांगतलं व," ते म्हणाले. "फाट्यावर मी माह्या चाकापाशी वाकलो होतो ना. तिथून जीपच्या पोटाखालून पार दिसते. तुहे पाय दिसत होते मले. एक पाऊल आले अन थांबले. चाकापर्यंत आलेच नाई. मंग वर गेले."

ते काय सांगताहेत हे मला लगेच कळलंच नाही.

"रायमुनिया तुह्या बाजूनं होती. वानर खाकरून राह्यलं होतं. तू नाई लावला म्हणली असती, तं मले फिरून तिकडं या लागलं असतं. मले तिकडं याचं नोहतं. म्हणून इचारलं, लागला? तू म्हणली लागला. मले तेवढंच पाह्यजे होतं."

"आणि गावात? तिथे तर तुम्ही त्याच चाकापाशी उभे होता."

"वाकलो असतो तं तुले समजलं असतं, का मले पह्यलेच माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "डॉक्टरसाहेब सांगत फिरते, हा कोणाचं काम तपासत नाई, केवढा इश्वास. इश्वास कायचा व. उतरून तिकडं जावाचं भेव. पह्यलेपासून तेच होतं. तुहं नाव सांगतलं असतं तं साहेबानं इचारलं असतं, तू काऊन नाई पाह्यलं."

त्यांची बायको घरातून चहा घेऊन आली. कप तिने जीपच्या बॉनेटवर ठेवले आणि माझ्याकडे वळली.

"तुमीच सांगा सिस्टर यायले. दोन बोटं गेले, गाडी उभी राह्यली, सारं गाव हासते. एका ग्रीसच्या डब्यापायी. मी किती डाव म्हणलं, लावत जा, लावत जा."

मी तोंड उघडलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी एकदाच पाहिली होती, नाल्यात, ते पाण्यात उतरण्याआधी.

"चहा थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले.

मी कप उचलला.